आत्या सोशीक नव्हती

मार्थाआत्या गेल्याची बातमी मला शबानानं दिली. सणसरला आत्याच्या भिंतीला भिंत लागून शबानाचं घर आणि पुढं किराणा दुकान. मी इंदापूरच्या कोर्टात होते, वकिलीचा गाऊन अंगात होता, पुढची केस माझीच होती. "ताई, काकी गेली... सकाळच्याला चहा घिऊन गेले तर उठंचना," एवढंच बोलून ती रडायला लागली. ते रडणं मला पुरलं. नंतर चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेणबत्तीचं तयार चित्र आलं, त्याच्या वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. तिथून जो राग डोक्यात गेला तो दफनविधीत आणखी चढला. फादर प्रवचनात म्हणाले, "मार्थाबाई अत्यंत सोशीक होत्या. त्यांनी कधी कशाबद्दल तक्रार केली नाही." माझ्या शेजारी शबाना बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आयुष्यभर दर रविवारी तक्रार करत मिस्साच्या उपासनेला गेलेल्या बाईला या गृहस्थांनी दोन वाक्यांत गरीब गाय करून टाकलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. खोटं चांगलंही बोलू नये, असं माझं म्हणणं आहे, आणि म्हणून हे लिहिते आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, मराठी बोलणारे कॅथलिक. ऊसवाल्या मुलखातली मूठभर घरं. नवऱ्याची साखर कारखान्यात नोकरी, तिची गावातल्या अंगणवाडीत. मुलं नव्हती, म्हणून मी होते. पोरांना गाणी शिकवून शिकवून तिचा आवाज असा खणखणीत झाला होता की रस्त्यापलीकडचा मळा ओलांडून ऐकू जायचा. चर्चमध्ये पेटी आणि ढोलकीवर भजनं व्हायची तेव्हा पहिली ओळ तिची आणि मग सगळ्यांची. चर्चचं नाव लिहीत नाही. माझं भांडण इमारतीशी नाही. चपला दारात काढायच्या, सतरंजीवर मांडी घालून बसायचं, म्हाताऱ्यांनी खांबाला टेकायचं. लहानपणी मला वाटायचं, देवाच्या घरी असंच बसतात.

मग हे फादर आले. माणूस दुष्ट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर माझ्यावर उलटतपासणी व्हायची. पण घाई! मिस्सा म्हणजे जणू सुटत असलेली एस्टी. प्रवचन मोबाईलमध्ये बघून वाचायचे, मध्येच स्क्रीन अंधारली की बोटानं उजळायचे आणि भलत्याच ओळीवरून पुढं सुरू करायचे. ढोलकीनं 'वातावरण गावठी होतं' म्हणून पेटी-ढोलकी अडगळीत गेली आणि वेदीच्या बाजूला काळा स्पीकर आला. गाणी पेन ड्राइव्हमधून. लोकांनी फक्त ओठ हलवायचे. पहिल्याच रविवारी आत्या वेदीमागच्या खोलीत जाऊन म्हणाली, "फादर, डब्बा गातोय मग आमी कशाला आलोय?" फादर हसले. तिला हसण्यावारी नेलेलं चालायचं नाही. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्यालाही. बाई सोशीक!

तिच्या शेवटच्या शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तर कहरच झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, उपवासकाळ लागला की आमच्यात 'आलेलुया' हा आनंदाचा शब्द तोंडातून काढत नाहीत, तो थेट पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रात्री म्हणायचा. आणि शुभ शुक्रवारी तर वाद्यंसुद्धा बंद, घंटासुद्धा मुकी. त्या दुपारी क्रुसाचं चुंबन घ्यायला माणसं अनवाणी रांगेत उभी, चर्चमध्ये कुणी अवाक्षर बोलत नाही, आणि स्पीकर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी भलतंच बटण दाबलं. ड्रमसकट, टाळ्यांसकट 'आलेलुया' दणाणला! ते काही केल्या बंद होईना. माणसं माना खाली घालून उभी. काही जण हसू दाबत होते. मग रांगेतून आत्या बाहेर आली, भिंतीपाशी गेली आणि स्पीकरची पिन उपसून टाकली. तिथंच उभं राहून तिनं मरियेच्या दुःखाचं जुनं विलापगीत धरलं. पेटी नाही, काही नाही, नुसता गळा. दुसऱ्या ओळीला बायका उठल्या, तिसरीला सगळं चर्च. क्रूस घेऊन उभ्या असलेल्या फादरांचेही ओठ हलताना मी पाहिले आहेत.

आणि उपासना संपल्यावर याच फादरांनी तिला दारात, सगळ्यांदेखत, सुनावलं. उपासनेत कोणी परस्पर ढवळाढवळ करायची नाही, शिस्त म्हणून काही असते... आत्या गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. मी पुढं सरसावले तसा तिनं माझा हात धरला आणि त्यांना म्हणाली, "शिस्त मला ठावं हाय, म्हणूनच पिन काढली." त्यावर फादर पाठ फिरवून निघून गेले. त्या दिवशी मी चर्च सोडलं. त्याचा मला आजही पस्तावा नाही. ज्या घरात आपल्या म्हाताऱ्या माणसाचा असा पाणउतारा होतो तिथं कशाला जायचं? आत्या मात्र दुसऱ्याच रात्री पुनरुत्थानाच्या मिस्साला वडापच्या भरगच्च जीपमध्ये स्वतःला कोंबून गेली! मी फोनवर ओरडले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भटजी रडका मिळाला म्हणून कुणी नवरा सोडतंय व्हय?" आणि पुढं म्हणाली, "तू येत न्हाईस ते तुझं तू बघ, सुशे. पर फादरमुळं येत न्हाई आसं कुणाला सांगू नगंस. त्येला येवढा मोठा करू नगंस." हे वाक्य मला तेव्हा फार झोंबलं. आताही झोंबतं.

पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला खिळली. तिला एकच हवं होतं, ख्रिस्तशरीर. मिस्सामध्ये वेदीवर अर्पण केलेली ती पातळ भाकर, जिच्यात प्रभू स्वतः असतो अशी आमची श्रद्धा आहे. मी फादरांना फोन केला. ते म्हणाले, आजाऱ्यांना भेटायचा दिवस महिन्याचा पहिला शुक्रवार, आणि सणसर त्या वाटेवर येत नाही, तुम्ही गाडीनं इकडं आणा. जिला कूस बदलता येत नाही तिला गाडीनं आणा! मी काय बोलले ते इथं छापता येणार नाही. तेवढ्यात ओळखीचे एक पास्टर, दुसऱ्या पंथाचे, ऐकून आपणहून आले. खाटेजवळ तासभर बसले, तिचा हात हातात घेऊन प्रार्थना केली, गिटारवर तिला आवडेल असं गायले. असा मायाळू माणूस मी क्वचित पाहिला. ते गेल्यावर मी म्हटलं, आत्या, आता यांच्याकडंच जाऊ या. आत्यानं डोळे मिटले. "माणूस लई चांगला हाय गं. पर माझं जे हाय ते त्येच्याजवळ न्हाय. विचारपूस तर शबाना बी करती."

मी पुन्हा फोन केले, नोटीस पाठवीन असंही म्हटलं. शेवटी फादर आले. एका हातात हेल्मेट, खिशात फोन. प्रार्थना अर्धी झाली आणि फोन वाजला. त्यांनी तो घेतला! "हो, दहा मिनिटांत निघतोच," म्हणाले आणि राहिलेली प्रार्थना उरकली. आत्याच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवलं, कपाळावर पवित्र तेल लावलं, गेले. मोटरसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत मी दारातच उभी होते. आत आले तर आत्याचा चेहरा सैल पडला होता, कित्येक आठवड्यांत तसा पाहिला नव्हता. तिनं विचारलं, "गेला का? चा दिलास का त्येला?"

"आत्या, त्यानं मध्येच फोन घेतला!"

"घिऊ दे. मी काय त्येची वाट बघत हुते व्हय?"

तीच आमची शेवटची भेट.

आता दफनाला काही आठवडे झाले. मागच्या रविवारी मी चर्चला गेले. भक्तीनं नाही, त्या 'सोशीक' शब्दाचा जाब विचारायला. पण मिस्साआधी फादरांना गाठायची एकच जागा असते, पापांची कबुली ऐकतात ती जाळीची खिडकी. आणि आलेच आहे तर आत्यासाठी ख्रिस्तशरीर घ्यावं म्हटलं, तर इतके दिवस बाहेर राहिलेल्या माणसाला कबुलीशिवाय ते घेता येत नाही. पंचक्रोशीत धर्मगुरू हे एकच. म्हणजे ज्याच्यावर राग त्याच्याच पुढं गुडघे टेकायचे! रांगेत उभ्या उभ्या मला आत्याचं खवचट हसू ऐकू आलं. जाळीपाशी गुडघे टेकले आणि म्हटलं, "फादर, माझ्या मनात राग आहे."

"कोणावर?"

"तुमच्यावर."

मी सगळं सांगितलं. दारातला पाणउतारा, गाडीनं आणा, फोन, सोशीक. आवाज चढला, मागची रांग ऐकत असणार, ऐकू दे. ते अडखळत म्हणाले, "मला... कळलं नाही तेव्हा." मी म्हटलं, "आता कळलं?" त्यांनी क्षमेचे शब्द म्हटले, एकेक शब्द सुटा. माझं समाधान झालं का? नाही. मिस्सात पुन्हा स्पीकर वाजलाच, प्रवचन मोबाईलवरूनच वाचलं गेलं. मी खांबाजवळ सतरंजीवर बसून दात आवळत राहिले. ख्रिस्तशरीराची वेळ आली तशी रांगेत गेले. फादर माझ्याकडं न बघता म्हणाले, "ख्रिस्ताचे शरीर." मी हात पुढं केले आणि 'आमेन' म्हटलं. रागातच म्हटलं, पण म्हटलं.