निलेशची एकुलती एक सायकल

जिममध्ये किस्से साठतात ते दोन सेटच्या मधल्या दोन मिनिटांत. वजन खाली ठेवलं की माणूस धापा टाकतो, आणि धापा टाकता टाकता घरी कुणालाच न सांगितलेलं बोलून जातो. तिसऱ्या मिनिटाला तो पुन्हा वजन उचलतो, मग टॉवेल खांद्यावर टाकून घरी जातो, आणि ते बोलणं माझ्याकडे राहतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बारा वर्षं जिम चालवतोय. वरच्या मजल्यावर मशिनी, मागच्या खोलीत मी. भाऊ-वहिनी नागपूरला, माझं लग्न झालं नाही. त्यामुळे ऐकायला वेळच वेळ!

*

नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एक प्रश्न विचारतोच. "भाऊ, एकच सायकल मारली तर चालन का?"

सायकल म्हणजे स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा आठ-दहा आठवड्यांचा कोर्स. एकदाच घ्यायचा, अंग कमवायचं, ते जन्मभर टिकवायचं आणि सुईचं पुन्हा नावही काढायचं नाही, असा सगळ्यांचा बेत असतो.

प्राथमिक शाळेतल्या मेश्राम सरांनी तर पन्नाशीत हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "सर, थोडं टिकते, थोडं उतरते. कोणाचं किती, मले सांगता येत नाही. आतून काय बिघडन तेही सांगता येत नाही. पण एकदा तसं दिसलं न, का मग साध्या अंगानं आरशासमोर उभं राहवत नाही."

सरांनी डंबेल खाली ठेवलं. "मी दंडाचं विचारलं, तू वैराग्याचं सांगून राह्यला! ही जिम आहे का सत्संग?"

दुसऱ्या दिवसापासून सर सकाळी फिरायला जाऊ लागले.

*

निलेश मात्र मला न विचारताच सायकल मारून बसला.

हा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. लाजाळू पोरगा. सगळे गेल्यावर थांबून माझ्याशी गप्पा मारणारा अख्ख्या जिममध्ये तो एकटाच, म्हणून मी त्याची वाट बघायचो. खोटं कशाला बोलू!

त्याच्या आईला कपाटात सुया सापडल्या. माउलीला वाटलं, पोराला शुगर झाली आणि तो लपवून राहिला. तिने परस्पर इलाज सुरू केला. चहातली साखर गेली, ताटातला भात अर्ध्यावर आला आणि रोज सकाळी कारल्याचा रस पुढे येऊ लागला. आता पोरगा काय सांगणार? गुपचूप रस प्यायचा आणि माझ्या खोलीत येऊन पातेलंभर भात हाणायचा.

कोर्स संपल्यावर त्याने आईला सांगून टाकलं, शुगर बरी झाली. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आला तो डोक्याला हात लावूनच. "भाऊ, मायनं सगळ्यायले सांगितलं. आता अर्धा मोहल्ला कारलं पिऊन राह्यला!"

हसलो खरे. पण सुया बंद झाल्या की मन खचतं, तसं होऊन पुढे तीन आठवडे हा दुकानात गेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आईने हाक मारली की तिच्यावर खेकसायचा. मी जाऊन पायथ्याशी बसायचो. ते दिवस मला पुन्हा नको होते.

*

मला एकदा चार दिवस ताप होता. जिम बंद. अकरा जणांचे फोन आले, सगळ्यांचं एकच म्हणणं, "भाऊ, चाबी कुठं ठेवली?"

निलेशही चाबीसाठीच आला होता. पण माझं कपाळ बघून थांबला आणि त्याने खिचडी लावली. पहिला घास घेतला तर मीठच नाही!

"मीठ टाकलं तर अंगात पाणी धरते, भाऊ. मसलचे कट दिसत नाहीत."

"अरे, मले ताप आहे. माझे कट कोण पाहून राह्यलं?"

"मी आहो न!"

मी ती खिचडी सगळी खाल्ली.

*

सायकलच्या नवव्या आठवड्यात काढलेला त्याचा फोटो स्थळासाठी गोंदियाला गेला. मुलगी बघायला जाईपर्यंत चार महिने उलटले होते आणि अंग बरंचसं उतरलं होतं. निलेश आईबरोबर दारात उभा राहिला, तर मुलीचे मामा त्याच्या पाठीमागे रस्त्याकडे बघत म्हणाले, "या, या. नवरदेव गाडी लावून राह्यले का?"

तरी होकार आला. मी पेढा घेऊन पुढे झालो, तर हा बेंचवर मान खाली घालून बसलेला.

"होकार त्या फोटोले भेटला, भाऊ. मले कुठं भेटला? आता रोज व्यायाम करतो. पण लग्नापर्यंत दंड पंधरा इंचाच्या खाली गेला, का दुसरी सायकल मारतो. फिर बंद, कसम से."

'फिर बंद' मी पहिल्या वेळीही ऐकलं होतं.

*

तेव्हापासून दर रविवारी त्याचा दंड मोजायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या रविवारी टेप गुंडाळला, तर साडेचौदा! त्याची नजर आरशाकडे होती. मी टेपखाली हळूच माझी करंगळी सरकवली आणि ओरडलो, "सव्वापंधरा!"

त्याने पेन्सिलने भिंतीवर आकडा लिहिला. पुढच्या रविवारी करंगळी, त्याच्या पुढच्या रविवारी करंगळी. दंड चौदावर आला तेव्हा मी अंगठा घातला! भिंतीवर पंधराच्या खाली एकही आकडा लागला नाही आणि दुसरी सायकल झाली नाही. लग्नात त्याची शेरवानी खांद्यावर ढिली होती, आणि नवरी त्याच्याकडे बघून सारखी हसत होती.

महिन्याभरात त्याला मलाजखंडला एका ठेकेदाराकडे काम लागलं. सामान टेम्पोत चढवून, बायकोला खाली बसवून तो वर आला. जिममध्ये आम्ही दोघंच होतो. माझा एकुलता एक दोस्त चालला होता.

"हात द्या, भाऊ."

"काहून?"

"तुमचा दंड आजवर कोणी मोजलाच नाही."

मी दंड फुगवला. सुई कधी लावली नाही, आणि बारा वर्षांत माझा दंड साडेतेराच्या पुढे गेलेला नाही, हे मला पाठ आहे. त्याने टेप गुंडाळला. टेपखाली त्याचा अंगठा माझ्या दंडाला लागला.

"पंधरा, भाऊ! पूरे पंधरा!" असं म्हणून तो भिंतीपाशी पेन्सिल शोधू लागला.