सव्वा किलोचा फ्लेक्स

सोपानतात्या गळ्यात मोजपट्टी घालून मासे धरायला येत. डाळजला त्यांचे शिवणाचे दुकान होते. पट्टी काढायची विसरत असतील, असे मला आधी वाटले. मग पाहिले, की मासा किती लांब चरतोय हे ते नजरेने ठरवत आणि तेवढीच दोरी पट्टीने मोजून सोडत.

डाळज माझी सासुरवाड. मी बारामतीचा, कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला. रविवारी जावयाला काम नसते, म्हणून सकाळी तात्यांबरोबर उजनी धरणाच्या काठावर जायचो. मासा टांगून तोलायचा ताणकाटा माझ्याकडे असे.

पक्षी बघायला आलेल्या एका गृहस्थाने तात्यांकडे फाटके जाकीट शिवायला टाकले. खिशाला एक गळ टोचलेला होता, त्यावर दोरा आणि पीस गुंडाळून केलेली खोटी माशी. “ह्यो तर आपलाच धंदा हाय,” तात्या म्हणाले. गृहस्थ खूश होऊन आपली मासे धरायची जुनी काठी देऊन गेले. या प्रकारात गळाला कणीक नाही, गांडूळ नाही. काठीच्या झोक्याने दोरी लांब फेकायची आणि माशाला फसवायचे. तात्यांनी पिवळ्या लोकरीची माशी बांधली, हुबेहूब बाभळीचे फूल. काठच्या बाभळींची फुले पाण्यात पडली, की सायप्रिनस ती टिपतात, हे त्यांनी हेरले होते. सायप्रिनस हा रोहू-कटल्याच्या गोतातला मासा, भलताच सावध.

जाळे टाकणारा नामा होडीतून बघायचा आणि हसायचा. “तात्या, मासं काय ब्लाऊज शिवाया येत्यात व्हय तुमच्याकडं?”

“माझी माशी सायप्रिनस तोंडानं घील,” तात्या म्हणाले. “त्या दिवशी बोल.”

गावाने हे वाक्य धरून ठेवले. दोन हिवाळ्यांत मी एकोणचाळीस रविवार मोजले. मासे शून्य. दुकानात कापड टाकायला आलेला माणूससुद्धा आधी माशाची चौकशी करी.

तिसऱ्या हिवाळ्यात एकदा दोरी ताणली. वीस मिनिटे झुंज चालली. मी मासा काट्याला लावला, साडेचार किलो. फोटो काढून तिथूनच मेहुण्याला पाठवला. दुपारी चौकात फ्लेक्स लागला. तात्या, मासा आणि वर ‘हार्दिक अभिनंदन’. नामाने चहाच्या टपरीवर सर्वांदेखत हार मानली.

तात्यांना हे संध्याकाळी कळले. ते माझ्याकडे आले.

“पाव्हणं, वजन बघितलं. गळ कुठं व्हता, ते बघितलं का?”

मी पाहिले नव्हते. गळ तोंडात नव्हता, पाठीवरच्या पराला लागला होता. मासा जवळून जाताना त्याला तो नुसता अडकला होता. मी म्हणालो, हे कोणाला कळणार आहे? जन्मभर काट्यावर बसलेला मी असे बोललो, याची मला अजून लाज वाटते.

“त्येनं घेतली न्हाय. मी टोचली,” एवढेच ते म्हणाले.

त्यांनी शिडी लावली, दुकानाच्या कात्रीने फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या आणि टपरीवर जाऊन नामाला त्याची हार परत केली. लोक पोट धरून हसले. त्या फ्लेक्सची त्यांनी काठीसाठी पिशवी शिवली, स्वतःचा फोटो आतल्या बाजूला घेऊन.

पुढे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी तात्यांनी बेचाळीस फूट दोरी मोजली. पिवळा ठिपका फुलांमध्ये तरंगत राहिला. खालून जाड ओठ वर आले आणि ठिपका गेला. तात्या घाईने ओढतील, अशी मला भीती होती. त्यांनी पुटपुटत तीन मोजले आणि काठी उचलली.

मासा काठावर आला, पण त्यांनी गळ काढला नाही. नामाची होडी हाक मारून बोलावली. नामाने माशाचे तोंड उघडून बोट घातले.

“वरच्या ओठात हाय,” तो म्हणाला. मग त्याने टोपी काढली. “तात्या, एक माशी मला बी बांधून द्या.”

मी वजन केले. सव्वा किलो.

“आता लावा फ्लेक्स,” तात्या म्हणाले. “वजन खरं लिवा.”

मजकूर मीच लिहिला. नाव, सव्वा किलो, गळ वरच्या ओठात.

तात्यांना जाऊन वर्ष झाले. त्या चौकात वाढदिवसांचे फ्लेक्स आठवड्यात उतरतात. हा अजून आहे. फोटो उन्हाने पुसला, पण आकडा वाचता येतो. दोऱ्या कुजल्या, की नामा नव्या बांधतो.