रविवारची साक्ष

धाराशिव जिल्ह्यात डोंगर नाहीत असं नाही. येडशीपासून बालाघाटाच्या रांगा चांगल्या पसरलेल्या आहेत. पण त्यांच्यावर चढायचं ते शेळ्यांनी, आणि शेळ्या चढल्या म्हणून त्यांच्यामागे माणसाने. काही काम नसताना, वर काही ठेवलेलं नसताना, सुट्टीच्या दिवशी कडा चढणारी माणसं या भागात दोनच होती. एक साजिद आणि दुसरा मुजीब.

साजिदचं धाराशिवच्या बाजारात चष्म्याचं दुकान. मुजीबचं तेरला वेल्डिंगचं. आयटीआयला एका बाकावर बसले आणि तेव्हापासून एकमेकांना चिकटले. कुणा पुण्याहून आलेल्या पाहुण्याने त्यांना दोर बांधायला शिकवला आणि दोघांना जे वेड लागलं ते लागलं. रविवार उजाडला की मुजीबची मोटारसायकल साजिदच्या दारात उभी. साजिदची बायको रुबिना म्हणायची की माझी सवत असती तर बरं झालं असतं, निदान तिला झिंज्या धरून भांडता आलं असतं. दगडाशी काय भांडू?

साजिद मुळातला भित्रा. हे त्याला नावं ठेवायला सांगत नाही, कारण त्या शौकात भित्रा माणूस सोन्यासारखा असतो. चढायचं मुजीबने आणि खाली दोर धरून उभं राहायचं साजिदने. गाठ तो तीनतीनदा तपासायचा. मुजीब कड्यावरून हसून म्हणायचा की याला नवरी बघायला नेलं असतं तर तिच्या पदराची गाठसुद्धा यानं ओढून बघितली असती. पण मुजीब दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा साजिदने त्याला धरला. हाताची सालटी गेली, दोर सोडला नाही.

मग मुजीबच्या डोक्यात बर्फ शिरला. हिमाचलात एका शिबिराला दोघे जाऊन आले, पायाला स्की बांधून घसरायला शिकले आणि परत आले ते बिघडूनच. ज्या गावात बर्फ रसवंतीवाल्याकडे मिळतो त्या गावातली ही माणसं! मुजीबने लोखंडी पट्ट्यांना बारकी चाकं जोडून बिनबर्फाची स्की बनवली. नव्या बायपासवर, पहाटे, दोन्ही हातांत काठ्या घेऊन ही जोडी सरकत निघाली की उसाचे ट्रॅक्टरवाले ब्रेक दाबून बघत राहायचे. दरवर्षी फेब्रुवारीत आठ-दहा दिवस दुकानं बंद ठेवायची आणि वर जाऊन यायचं, असं चार वर्षं चाललं.

पाचव्या वर्षी साजिद एकटा परत आला.

झालं ते असं. गर्दीपासून लांब, एका मोकळ्या उतारावर दोघे स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून तिरकस चढत होते. पट्टी असली की माणूस मागे घसरत नाही. बर्फावर दोघांच्या मध्ये दोर नव्हता. त्या चालीत लोक बांधतही नाहीत. मुजीब पुढे होता. एकदम सतरंजी ओढावी तसा उतार त्याच्या पायाखालून निघाला आणि त्याला घेऊन दरीच्या कडेपलीकडे गेला. साजिद होता तिथेच राहिला. त्याच्या आणि कडेच्या मध्ये उरलेला बर्फ तडकून लोंबत होता. तो हाका मारत राहिला. बऱ्याच वेळाने दरीतून शिट्टी ऐकू आली. दोघांच्याही पिशवीच्या पट्ट्याला एकेक शिट्टी होती, अशाच वेळेसाठी. ती थांबत होती, पुन्हा वाजत होती.

जायचं तर त्या तडकलेल्या बर्फावरून जायचं होतं. साजिदने एक पाऊल टाकलं, बर्फ आतून वाजला, आणि त्याने ते पाऊल मागे घेतलं. मग त्याने टोपी कानांवरून खाली ओढली आणि तो मदत आणायला म्हणून उतरला. मदत दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर रात्रभर बर्फ पडला होता, पुढे आठवडाभर पडत राहिला, आणि मुजीब काही सापडला नाही. तिथल्या लोकांना साजिदने सांगितलं की वाहून गेला. शिट्टीचं सांगितलं नाही.

तेरला मुजीबची आई हमिदाबी आणि बायको सबिहा वाट बघत बसल्या होत्या. मयत नाही, कबर नाही, कुणी खांदा दिला नाही. मौतीच्या सरकारी कागदाला सात वर्षं लागतात असं कुणीतरी सांगितलं. सबिहाचं वय सव्वीस. ना सुहागन ना बेवा, अशी ती कोपऱ्यात बसून होती. गावचे मौलाना चांगले गृहस्थ होते. ते म्हणाले, भरवशाच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी मौत बघितली असेल तर त्याच्या शब्दावर पोरीला इद्दतीला बसवता येईल. चार महिने दहा दिवस झाले की ती दुसऱ्या निकाहला मोकळी. भरवशाचा माणूस एकच होता. सगळ्या खोलीने त्याच्याकडे बघितलं.

साजिद म्हणाला, "म्या बघितलं. श्वास नव्हता."

तो असं का म्हणाला, हे त्याने नंतर स्वतःला हजारदा विचारलं. सबिहासाठी म्हणाला, हे खरंच. पण त्या एका वाक्यानंतर तू त्याला सोडून खाली का उतरलास असं त्याला कुणी विचारणार नव्हतं, हेही तितकंच खरं. दोन्ही कारणं एकमेकांत अशी कालवली गेली होती की निवडून काढता येईनात. हमिदाबीने तेवढं एक विचारलं, लेकराला त्रास झाला का. साजिदने सांगितलं की लगेच गेला, झोपल्यावानी पडला होता. म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

त्यानंतर साजिदच्या मागे जे लागलं त्याला भूत म्हणावं तर ते कधी दिसलं नाही. दुकानात काचा घासायचं यंत्र बंद केलं की त्या शांततेत, अगदी लांब, शिट्टी सुरू व्हायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं, साजिद भिंतीवरची अक्षरं दाखवतोय, आणि मध्येच हात वरच्या वर थांबलेला. रुबिनाला वाटलं कानात मळ असेल. डॉक्टरने बघितलं, मळ नव्हता.

एका रविवारी मनाचा हिय्या करून तो एकटाच कड्यावर गेला. वरून झाडाला दोर बांधून खाली सोडला, कमरेला अडकवला आणि चार हात चढला. चढताना सैल पडायला हवा तो दोर वरून हलकासा ताणलेला राहत होता, जसा धरणारा माणूस ताणून ठेवतो तसा. साजिदने पुढचा हात टाकला नाही. तो खाली आला तेव्हा बब्रुवान नावाचा म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उभा होता. त्याला या दोघांची जुनी ओळख. तो म्हणाला, "लई दिसानं आलासा दोघं. त्यो उतरला न्हाय अजून?"

साजिदने वर बघितलं. वर झाड होतं आणि आभाळ होतं. म्हाताऱ्याला नीट दिसत नसेल, असं त्याने मनाला समजावलं. पण बब्रुवानच्या डोळ्यांवरचा चष्मा साजिदनेच महिन्यापूर्वी बनवून दिला होता. त्या दिवशी तो दोर तिथेच सोडून आला आणि पुन्हा कड्याकडे फिरकला नाही.

दोन वर्षं अशी गेली. हमिदाबीने सुनेला माहेरी धाडलं नाही, लेकीसारखी ठेवली, आणि स्वतः फिरून तिच्यासाठी मुरुमचं एक स्थळ बघितलं. नवरा मुलगा शाळेत शिपाई, बायको वारलेली, स्वभावाने गरीब. सगळं ठरलं. फक्त मुलाकडच्या काझींनी एक अट घातली. पहिल्या नवऱ्याची मयत सापडलेली नाही, तेव्हा ज्याने मौत बघितली त्याने निकाहच्या आधी चार लोकांसमोर एकदा सांगावं. निकाह शुक्रवारी होता. निरोप साजिदकडे सोमवारी आला.

पहिल्यांदा खोटं बोलला तेव्हा त्याचे हातपाय अजून बर्फाने सुजलेले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. आता मात्र अंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून, मशिदीत उभं राहून तेच बोलायचं होतं. न बोलावं तर सबिहाचं लग्न मोडणार. बोलावं तर शिट्टी आयुष्यभर मागे. दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो तेरच्या बसमध्ये बसला. हमिदाबीला सगळं सांगायचं, मग ती म्हणेल ते करायचं, असं त्याने ठरवलं. ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, आणि आपण मोकळे होऊ, अशी त्याला आशा होती. या आशेला काय म्हणावं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

हमिदाबी अंगणात तांदूळ निवडत होती. घरात चुन्याचा वास, सबिहा शेजारणीकडे मेंदी बघायला गेलेली. म्हातारीने त्याला बाज दिली, पाणी दिलं, किती वाळलास म्हणून रागावली. साजिद बाजेवर बसला नाही. खाली, तिच्या सुपाजवळ बसला आणि त्याने सांगितलं. बर्फ निघाला तिथून सांगितलं, शिट्टी सांगितली, पुढे टाकलेलं पाऊल आणि मागे घेतलेलं पाऊल सांगितलं. टोपी कानांवर ओढली तेही सांगितलं.

ती तांदूळ निवडायची थांबली नाही. बराच वेळ बोटं चालत होती, पण तिने एकही खडा काढला नाही.

मग तिने विचारलं, "किती वेळ वाजली?"

"ठाव न्हाय, खाला. म्या कान झाकले हुते."

सूप बाजूला ठेवून तिने त्याच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझं पोरगं गेलं, पण तरास न होता गेलं, ह्यावर म्या दोन वर्सं जगले. रातच्याला डोळा लागायचा मला. तू तेवढंच दिलं हुतंस, साजिद. आन् आज ते बी घिऊन चाललास."

साजिदने हे मनातसुद्धा आणलं नव्हतं. दोन वर्षं तो स्वतःच्या पापाचा हिशोब करत होता. आपल्या खोट्यावर कुणाचं तरी डोकं टेकलेलं आहे, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आता ते खोटं परत तिच्या उशाखाली सरकवता येणार नव्हतं. त्याने तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि हातही त्याच्या डोक्यावर ठेवला नाही.

फाटकाशी सबिहाच्या चपलांचा आवाज आला. हमिदाबीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि हलक्या आवाजात, पण ठामपणे सांगितलं की शुक्रवारी यायचं आणि काझींसमोर तेच बोलायचं. पोरीला यातलं अक्षर कळता कामा नये. सबिहा आत आली, साजिदला बघून हसली. साजिदभाई, शुक्रवारी भाभीला पण आणा म्हणाली. त्याने मान हलवली.

शुक्रवारी साजिद उभा राहिला. काझींनी विचारलं, डोळ्यांनी बघितलं? तो म्हणाला, बघितलं. श्वास नव्हता? नव्हता. आवाज एकदाही अडखळला नाही. निकाह झाला, खजूर वाटले गेले, संध्याकाळी सबिहा मुरुमला गेली. जाताना ती हमिदाबीच्या गळ्यात पडून एवढी रडली की बायकांना तिला सोडवावं लागलं.

माणसं पांगल्यावर साजिद निघाला, तेव्हा हमिदाबीने त्याला दारात थांबवलं. घर रिकामं झालं होतं. ती म्हणाली, "रईवारी मोकळा असतूस न्हवं आता? येत जा."

तेव्हापासून साजिद दर रविवारी तेरला जातो. रुबिनाला वाटतं, दोस्ताच्या आईची सेवा करतो. ती सोबत डबा देते. तो अंगणात बाजेच्या पायथ्याशी बसतो. हमिदाबी चहा ठेवते, मुरुमची खुशाली सांगते, सबिहाला दिवस गेल्याचं सांगते. चहा संपला की ती पदर डोक्यावरून पुढे ओढते, डोळे मिटते आणि म्हणते, "सांग."

आणि साजिद सांगतो. बर्फ निघाला, मुजीब गेला, मी त्याच्याजवळ पोचलो. लगेच गेला होता, खाला. झोपल्यावानी पडला होता. दोघांनाही ठाऊक असतं. तरी ती मध्येच विचारते, डोळे मिटलेले होते का, आणि तो सांगतो, होते. तोंडावर बर्फ होता का? होता, म्या पुसला. दर रविवारी ती एखादी नवी गोष्ट विचारते आणि दर रविवारी तो तिला ती देतो.

मागच्या रविवारी तिने विचारलं, हात गार होता का. साजिदने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याला तो हात आपल्या हातात आठवला. त्याचा गारवा, तळव्यावरचे वेल्डिंगचे चटके, सगळं. आपण तो तडकलेला बर्फ ओलांडून कधीच गेलो नव्हतो, हे त्याला क्षणभर खरं वाटेना.

"न्हाय, खाला," तो म्हणाला. "अजून ऊन हुता."