दुसरा जोड

आईला लातूरच्या डॉक्टरांकडं नेताना भालकीजवळ आमच्या जुन्या गाडीतून पाणी गळायला लागलं. रस्त्याकडेच्या गॅरेजात पदर खोचून एक बाई काम करत होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. इंजिन निवेपर्यंत त्यांनी बोट लावलं नाही. हीटरच्या पाइपाचा प्लास्टिकचा जोड चिरला होता. तिथं पितळी जोड बसवून त्यांनी शेजारच्या जोडाला हात घातला.

“अक्का, त्यो चांगला हाय. डॉक्टर निघून जातील,” मी म्हणालो.

“दोन्ही एकाच दिवशी बसलेत. मग ह्यो कामून टिकंल?”

त्यांनी नुसता पिळला, तर हातातच त्याचे तुकडे झाले. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. नवा जोड आवळून आईला म्हणाल्या, “आता बिनघोर जावा.”

डॉक्टर घरी जायला उठता उठता भेटले. वाटेत इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडं मी एकदाही पाहिलं नव्हतं.