पलीकडच्या भिंतीपाशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. आता तुम्हाला सांगतोय ते मन मोकळं व्हावं म्हणून नाही — लपवून लपवून दमलोय, एवढंच.

मी रत्नागिरीत चित्रकलेचा मास्तर होतो. दर दिवाळीच्या सुट्टीत बायकोला घेऊन एकेका शहरात जायचं, जुन्या इमारती बघायच्या आणि परत आल्यावर वाचनालयात फोटो दाखवत भाषण ठोकायचं — हा माझा नेम. अहमदाबादच्या विहिरी, तंजावरचं देऊळ, जयपूरचे महाल. ती पहिल्या रांगेत बसायची. नाटे गावची, मच्छीमाराची लेक, बोलणं मोजकं. मनातलं काही विचारलं की उठून स्वयंपाकघरात जायची.

विजापूरच्या गोल घुमटाचं भाषण मी कितीदा केलं असेल! वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं, की पलीकडे कान लावणाऱ्याला स्वच्छ ऐकू येतं — हे सांगताना मी मुद्दाम आवाज खाली आणायचो. लोक खूश. पण तो सज्जा — मी पाहिलेलाच नाही.

विजापूरला गेलो तेव्हा ठरलं असं होतं, की तिनं पुढे जाऊन सज्जात अलीकडे थांबायचं, मी पलीकडे जायचं. तोंड भिंतीकडे करून बोलायचं, मागे वळायचं नाही, हे मीच तिला पढवलेलं. जिना अरुंद. अर्ध्या वाटेत झरोक्यातून खाली बघितलं आणि पुढची पायरी चढवेना. उंचीला घाबरतो मी, लहानपणापासून. इमारतींवर भाषणं ठोकणारा माणूस हे कुठल्या तोंडानं सांगणार? हाक मारता आली असती तिला — नाही मारली. पायरीवर बसून राहिलो. तिची चाहूल लागली तसा उठलो, जणू आत्ताच वरून उतरलोय.

तिचे डोळे लाल होते. "ऐकलात ना?"

"ऐकलं."

"मग परत विचारू नका मला. तोंडावर सांगायला जमलंच नसतं."

आता विचारायचं तरी कसं? विचारलं की माझं खोटं उघडं. काय असेल ते — तिची काही चूक? माझी? कित्येकदा जेवताना तिच्याकडे बघत अंदाज बांधले. ती मात्र त्या दिवसापासून हलकी झाली. माझ्याशी जास्तच मायेनं वागू लागली, आणि ती माया मी फुकटात घेत राहिलो.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या आजारपणात एका दुपारी म्हणाली, "विजापुरात सगळं ऐकलात, पण कधी बोलून दाखवलात नाय. दुसऱ्यानं टाकलं असतं मला."

मी मान हलवली. तेव्हाही — हो, तेव्हाही.

ऐकलं असतं तर मी टाकलं असतं का तिला? खरं सांगतो, ठाऊक नाही. तिनं पडल्या पडल्या मला हात जोडले. मोठ्या मनाचा म्हणून ज्याला ते जोडले, तो त्या भिंतीपाशी कधी पोचलाच नव्हता.