गालाले लावून पाहा

दुकानदारानं नवी चादर उलगडली की काकू आधी पदरानं गाल पुसायच्या, मग डोळे मिटून चादरीचं टोक गालाला लावायच्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असली तरी त्यांना त्याचं काही नसायचं.

"हाताले काय समजते, बाई? भांडे घासूघासू हात मेले. गालाले लावून पाहा."

अमरावतीत आमच्या गल्लीत कुणाकडे लग्न निघो, बाळंतपण असो, चादरी घ्यायला काकू हव्यातच. बोलवावंही लागायचं नाही, पिशवी घेऊन स्वतःच दारात हजर. आमची नजर चमकदार, फुलाफुलांच्या चादरीवर गेली की त्या तिच्यावर पाण्याचा थेंब टाकायच्या. थेंब जिरला नाही तर चादर बाद. "हे घाम पीत नाई. उन्हाळ्यात माणूस शिजून निघंन याच्यावर." सुती निघाली, तरी खळीचा ताठा चोळून काढल्याशिवाय होकार नाही. म्हातारा दुकानदार वैतागायचा, "काकू, चादर हाय, नवरदेव नाई!" आणि पुढचा गठ्ठा सोडायला घ्यायचा.

स्वतःसाठी मात्र त्यांना मनासारखी चादर कधी मिळाली नाही. घ्यायच्या, धुवायच्या, आणि थोड्याच दिवसांत शेजारी देऊन टाकायच्या. आमच्या घरातल्या निम्म्या चादरी तशाच आलेल्या. मी म्हणायची, असतात चोखंदळ माणसं. तुम्हीही पाहिली असतील, एकेक भेंडी मोडून बघणारी.

एका सकाळी ओट्यावर चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, "आले होते. खाटेपाशी उभे राह्यले, पण बसले नाई. नवी चादर टोचते त्याहिले."

ते म्हणजे काका, त्यांचे यजमान. लकवा झाल्यापासून ते शेवटपर्यंत त्याच खाटेवर होते. पाठ सोलवटून निघायची, म्हणून काकू एक जुनी चादर रोज धुऊन घालायच्या. धुऊनधुऊन ती बाळाच्या दुपट्यासारखी मऊ झाली होती. तेवढ्या एका चादरीवर त्यांना झोप लागायची. ते गेले आणि रिवाजाप्रमाणे त्यांचं अंथरूण घराबाहेर गेलं. अकोल्याहून आलेल्या लेकीनं गादीसोबत ती चादरही देऊन टाकली. काकू तेव्हा आत बायकांत बसलेल्या. त्यांना कळलं तोवर फार उशीर झाला होता.

"काकू, भास झाला असंन तुमाले," मी म्हटलं.

"असंन. पण भासालेई टोचते ना."

 त्या शांतपणे बशीत चहा ओतत होत्या.

लेक यायची आणि चिडायची. "आई, काहून असं करून राहिली? लोक हसतात." काकू खाटेवर चादर नीट घालायच्या आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपायच्या.

शेवटची घेतलेली चादर त्यांनी कुणालाच दिली नाही. पांढरी, बिनछापाची. रोज धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. उन्हानं कापड कडक होतं म्हणायच्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मग एका सकाळी मी नेहमीसारखी हाका मारत आत शिरले, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. इतका निवलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"हळू बोल. आता कुठी डोळा लागला त्याहिचा."

खाटेवर कुणी नव्हतं. तरी मी पाय न वाजवता बाहेर आले. खोटं कशाला सांगू, भ्याले होते. आणि कुठेतरी बरंही वाटलं होतं.

त्यानंतर त्या कुणाबरोबर चादरी घ्यायला गेल्या नाहीत. थंडीच्या दिवसांत झोपेतच गेल्या, खाली सतरंजीवर.

लेक आली. पुन्हा तोच रिवाज. सतरंजी गेली, गोधडी गेली. मग खाटेवरची पांढरी चादर ओढायला तिनं हात घातला आणि तसाच ठेवला.

"हिच्यावर झोपले होते म्हणे ना बाबा?" तिनं मला विचारलं.

"हो. तुही आई तसंच सांगे."

 मग कोपऱ्यावर पडलेली सुरकुती तिनं तळहातानं सारखी केली. आम्ही दोघी बाहेर आलो. तिनं दार ओढलं आणि कडी इतक्या सावकाश सरकवली की ती वाजली नाही.