समोरच्या लाटा

मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला आहे. तो सुट्टीवर आला की मला अजिंठ्याजवळच्या आमच्या गावी नेऊन सोडणार, असं ठरलं होतं. तोवर चिकलठाण्याला सुनेकडं राहायचं. मध्ये मी एकदा एकटीच निघाले आणि बसस्टँडवर चक्कर येऊन पडले. तेव्हापासून सून कामावर जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालते. चार महिने झाले.

तो जहाजावरून उतरायला आठवडा राहिला आणि त्याचा फोन आला. "आई, उशीर होईल. समोरून लाटा हायेत."

"इंजिन बिघडलं का?"

"नाय. ते तेवढंच चालतंय. पण जहाज डोकं वर-खाली करतं, त्यातच ताकद जाते. लाट जहाजाएवढी लांब असली की लई छळते. मागून कुणी ओढल्यासारखं होतं."

"थापा मारू नको. बायकोनं शिकवलं व्हय?"

मी फोन ठेवला. मला इथंच ठेवायचं, असं दोघांनी ठरवलंय, हेच डोक्यात बसलं.

दोन दिवसांनी नळाला पाणी आलं, हौद भरला. मी एका पातेल्यात गहू घातले, पाण्यावर सोडलं आणि शिवणाच्या दोऱ्यानं ओढलं. एका बोटानं ओढलं तरी सरसर आलं. सुनेला म्हटलं, "समोरून फळीनं पाणी हलव."

"आत्याबाई, आठ दिवसांनी पाणी आलंय, अन् तुम्ही होड्या खेळता?"

"हलव म्हणते ना."

तिनं भराभर हलवलं. बारक्या लाटांनी पातेलं नुसतं थरथरलं. मग तिनं फळी सावकाश चालवली. लांब लाटा आल्या तसं पातेलं नाक वर करून खाली आपटू लागलं. पुढं सरकेना. मी जोर लावला, तर दोरा तुटला. गहू भिजले.

सून हसली नाही. "ते खोटं बोलत नसतात," एवढंच म्हणाली.

खोटं असतं तर बरं झालं असतं. भांडून निघता आलं असतं.

जहाज पाच दिवस उशिरा लागलं. मुलाच्या जागी कामाला येणारा माणूस वाट पाहून दुसऱ्या जहाजावर गेला होता; बदली माणूस नसला की याला उतरता येत नाही. "आता पुढच्या बंदराला उतरतो, आई. महिनाभर धर."

"वेळेवर जेवतो का?" मी विचारलं.

गावी जायला भरून ठेवलेल्या पिशवीतली पातळं काढून मी परत कपाटात लावली.